दोन खुर्च्यांमधलं अंतर

२०२५ च्या जुलैत मी पुण्याहून सिंधुदुर्गला विमानाने गेलो. पंख्यांचं, सत्तरेक आसनांचं एटीआर विमान. लोहगावला आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. घाट ओलांडल्यावर मात्र खालचं काही दिसेना. चिपीला उतरायची वेळ आली. चाकं बाहेर आल्याचा धक्का जाणवला, खिडकीच्या काचेवरून पाणी आडवं धावू लागलं, जांभ्या दगडाचे गडगे आणि आंब्याची कलमं क्षणभर दिसली आणि एकदम इंजिनांचा आवाज चढला. विमान नाक वर करून पुन्हा ढगात शिरलं. दहा-पंधरा मिनिटं फिरून दुसऱ्या खेपेला ते व्यवस्थित उतरलं. धावपट्टी वेळेत दिसली नाही म्हणून वर गेलो, एवढंच कॅप्टनने सांगितलं.

शेजारचे गृहस्थ कुडाळचे होते. कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, ''नवशिका दिसतोय. हल्ली पोरंच भरतात हो या छोट्या कंपन्या.'' मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. मी गप्प बसलो. माझा भाचा अशाच एका कंपनीत सहवैमानिक आहे, हे सांगायचं धैर्य त्या वेळी झालं नाही.

पण तो शेरा मनातून जाईना. त्यात तथ्य किती? वैमानिकाचा अनुभव आणि प्रवाशाची सुरक्षितता यांचं नातं नेमकं काय? १२ जून २०२५ ला अहमदाबादला झालेल्या अपघातात २६० माणसं गेली. तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आहे. २०२५ मध्ये हे लिहिताना त्या अपघाताची चौकशी चालू होती, म्हणून त्यावर मी लिहिणार नाही. ज्यांचे अहवाल पूर्ण झाले, ते मात्र कोणालाही वाचता येतात. मी विमानशास्त्राचा पदवीधर नाही. लहानपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाला नाक लावून उभा राहायचो, तेवढीच माझी विमानविद्या. पुढे तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. मोजमाप हा माझा धंदा. म्हणून या प्रश्नाकडेही मी मोजमापाच्याच अंगाने पाहतो: अनुभव मोजतात कशाने, आणि ते माप काय दाखवतं?

लॉगबुक नावाची वही

वैमानिकाचा अनुभव तासांत मोजतात. प्रत्येक उड्डाणाची नोंद लॉगबुकात होते: तारीख, विमान, कुठून कुठे, दिवसा की रात्री, कॅप्टन म्हणून की सहवैमानिक म्हणून. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे ज्याला बोलीत सीपीएल म्हणतात त्यासाठी, किमान २०० तास लागतात. त्यातले १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात. कॅप्टनच्या खुर्चीसाठीचा परवाना वेगळा. त्याला एटीपीएल म्हणतात आणि त्यासाठी किमान १५०० तास लागतात.

भाच्याने सीपीएल मिळवलं तेव्हा बहिणीने सिंहगड रोडवरचा फ्लॅट गहाण ठेवला होता. दोनशे तास पूर्ण झाल्याचे पेढे वाटले, तेव्हा आमचे एक काका म्हणाले, ''दोनशे तास म्हणजे किती रे? आठ-नऊ दिवस?'' सगळे हसले. हिशेब बरोबरच होता. चोवीस तासांच्या दिवसाने भागलं तर दोनशे तासांचे आठ दिवस आणि वर काही तास होतात.

अर्थात दोनशे तासांवर कोणी थेट प्रवासी विमानात बसत नाही. ज्या जातीचं विमान चालवायचं, तिचं वेगळं प्रशिक्षण सिम्युलेटरवर घ्यावं लागतं. इंजिन बंद पडणं, आग लागणं, वाऱ्याचा अचानक झोत, जे प्रत्यक्षात कधीच येऊ नये ते तिथे वारंवार करवून घेतात. त्यानंतरही काही काळ नवा सहवैमानिक प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारीच बसतो. तो समाधानी झाल्यावरच मुलाला साध्या कॅप्टनसोबत पाठवतात.

ही पायरी किती महत्त्वाची आहे, हे २०२४ मध्ये दिसलं. पूर्ण मोकळीक न मिळालेला एक सहवैमानिक प्रशिक्षक नसलेल्या कॅप्टनबरोबर उड्डाणावर गेला. कंपनीने स्वतःच ही चूक कळवली. तरीही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाला ९० लाख रुपयांचा दंड केला. त्या उड्डाणात कोणाला खरचटलंही नव्हतं. दंड झाला तो दोन खुर्च्यांमधली जोडी चुकली म्हणून. ही जोडीची गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे तिच्याकडेच यायचं आहे.

दीड हजारांचा नियम

तासांवर सर्वांत मोठा वाद झाला तो अमेरिकेत, आणि तोही एका प्रादेशिक विमान कंपनीवरून. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचं क्यू४०० हे पंख्यांचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, अशी ५० माणसं गेली. उतरण्याच्या तयारीत विमानाचा वेग फार कमी झाला होता. अशा वेळी हातातला दांडा थरथरून सूचना देतो. तेव्हा नाक खाली करून वेग वाढवायचा असतो. कॅप्टनने दांडा उलटा, स्वतःकडे ओढला.

चौकशीत बाकीच्या गोष्टीही पुढे आल्या. कॅप्टन आधीच्या काही चाचण्यांत नापास झालेला होता. सहवैमानिक मुलगी आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाकडून मालवाहू विमानांतून प्रवास करत कामावर पोचली होती. तिचा पगार, तिची झोप, दोघांच्या खासगी गप्पा, सगळं काही चर्चेला आलं. मृतांच्या नातेवाइकांनी हा विषय संसदेत लावून धरला. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तास आवश्यक ठरले. त्याआधी त्याला २५० तास पुरत.

आता गंमत पाहा. त्या कॅप्टनच्या वहीत ३,३७९ तास होते आणि सहवैमानिकेच्या २,२४४. म्हणजे ज्या अपघातामुळे दीड हजारांचा नियम आला, त्यातले दोघेही त्या नियमाला सहज उतरले असते!

नियमाच्या बाजूचे लोक म्हणतात, त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षं अमेरिकी प्रवासी कंपनीच्या विमानाला तसा मोठा अपघात झाला नाही. हे खरं आहे. पण त्याच काळात विश्रांतीचे नियम कडक झाले, दांडा थरथरल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण बदललं, वैमानिकांच्या नापास होण्याच्या नोंदी नव्या कंपनीला कळतील अशी सोय झाली. श्रेय नेमकं कशाचं, हे वेगळं काढणं अवघड आहे. युरोपात आजही दोनशेच्या आसपास तासांचे तरुण सहवैमानिक होतात आणि तिथला विमानप्रवास काही धोक्याचा मानला जात नाही.

शिवाय दीड हजार तास भरायचे कुठे? अमेरिकेत बहुतेक मुलं छोट्या विमानावर शिकवण्याचं काम धरतात आणि त्याच मैदानाभोवती घिरट्या घालतात. शिकवण्यातही शिकणं असतं, हे मान्य. पण एकच तास हजार वेळा जगणं आणि हजार वेगवेगळे तास जगणं यात फरक आहे. लॉगबुकात दोन्ही सारखेच दिसतात.

आमच्या कारखान्यात नवा मुलगा आला की मी त्याच्या हातात व्हर्निअर कॅलिपर द्यायचो आणि सांगायचो, याने जाडी कळते, पोलादाचा कडकपणा कळत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं. म्हणून कॅलिपर फेकून द्यायचा नसतो. तो काय मोजत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं असतं.

तासांत न मावणारं

हे माप काय मोजत नाही, याचा एक दाखला पुणे जिल्ह्यातच आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्री, ऐन पावसाळ्यात, अलिटालिया कंपनीचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. मुंबई जवळ आली असं समजून ते वेळेआधीच खाली उतरू लागलं आणि जुन्नर परिसरातल्या डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व ९४ जण गेले. चुकलेलं दिशाज्ञान आणि सुरक्षित उंचीचा भंग, ही कारणं नोंदवली गेलीच. त्यांच्या बरोबरीने वाटेवरच्या भूप्रदेशाची ओळख नसणं हेही कारण नोंदवलं गेलं. खंड ओलांडणारं जेट विमान चालवणारी माणसं नवशिकी नव्हती. सह्याद्री मात्र त्यांच्या ओळखीचा नव्हता.

दुसरी खूण इंदापूरची. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्या पुणेकरांना उजनीचं पाणी चांगलं माहीत असतं. त्याच परिसरात २३ सप्टेंबर १९८९ ला वायुदूतचं डॉर्निअर विमान कोसळलं. पुण्याहून हैदराबादला निघालेल्या त्या विमानातले ११ जण गेले. वायुदूत ही १९८१ मध्ये लहान गावं जोडण्यासाठी निघालेली सरकारी कंपनी. आजच्या 'उडान' योजनेची ती आजीच म्हणायला हवी. मोठ्या विमानांचे अपघात लोकांच्या लक्षात राहतात, छोट्यांचे विसरले जातात. इंदापूरचा हा अपघात आठवणारा माणूस मला पुण्यात क्वचितच भेटतो.

आज ती नात चांगली हिंडू-फिरू लागली आहे. एप्रिल २०१७ मध्ये 'उडान'ची पहिली विमानं सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. पुण्याहून जळगाव, सिंधुदुर्ग, गोवा अशी छोटी उड्डाणं होऊ लागली. या मार्गांवरचा अनुभव वेगळ्या जातीचा असतो. मुंबई-न्यूयॉर्क उड्डाण पंधरा-सोळा तासांचं. त्या मार्गावर हजार तास भरायला ६५-७० फेऱ्या पुरतात. त्यातही विमानात चार वैमानिक असतात, म्हणजे प्रत्यक्ष हाताने विमान उतरवायची पाळी आणखी कमी. उलट तासाभराच्या फेऱ्या करणाऱ्या एटीआरच्या वैमानिकाला तेवढ्याच हजार तासांत सुमारे हजार वेळा विमान चढताना-उतरताना पाहावं लागतं, आणि निम्म्या वेळा ते स्वतः उतरवावं लागतं. पावसात, डोंगराशेजारी, लहान धावपट्टीवर. लॉगबुकात दोघांचे तास सारखेच, हजार.

पण प्रादेशिक कंपन्यांची खरी अडचण वेगळीच आहे. वैमानिकांच्या दृष्टीने त्या शिडीची खालची पायरी असतात. तास भरले, की माणूस मोठ्या विमानाकडे, मोठ्या पगाराकडे जातो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्याही घरचा फ्लॅट गहाण असतो. नोकरी सोडताना कॅप्टनने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी, असा नियम डीजीसीएने २०१७ मध्ये केला. त्याने गळती थोडी लांबते, थांबत नाही. मग मागे राहतात नुकतेच कॅप्टन झालेले आणि नुकतेच सहवैमानिक झालेले. दोघे नवे शेजारी-शेजारी बसू नयेत, ही काळजी घेणारं वेळापत्रक हेच अशा कंपनीचं खरं सुरक्षा-यंत्र.

आणि आकडा शेवटी कागदावरच असतो. २०११ मध्ये गोव्यात एक विमान मागच्या चाकांऐवजी नाकाच्या चाकावर उतरवलं गेलं. त्या चौकशीतून त्या वैमानिकेच्या गुणपत्रिकाच बनावट असल्याचं निघालं. पाठोपाठ राजस्थानातल्या एका उड्डाणशाळेतून न उडालेले तास वहीत चढवल्याचं प्रकरण बाहेर आलं. एकाच आकड्यावर सगळं ठरू लागलं, की आकडा फुगवणारे निघतातच. हा अनुभव विमानांपुरता नाही. आमच्या तपासणी विभागानेही तो घेतला आहे.

तीन हाका

आता दोन अपघात शेजारी-शेजारी ठेवतो. दोन्ही एअर इंडिया एक्स्प्रेसचे, दोन्ही दुबईहून येणाऱ्या विमानांचे, दोन्ही डोंगरमाथ्यावर कापून काढलेल्या धावपट्ट्यांवर.

पहिला मंगळूरचा, २२ मे २०१० चा. १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते पुणेकरांना परिचित असलेले एअर मार्शल भूषण गोखले. कॅप्टनच्या वहीत १० हजारांहून अधिक तास होते. विमान वाजवीपेक्षा जास्त उंचीवर आणि जास्त वेगात होतं. अशा वेळी नियम एकच: उतरायचं नाही, वर जायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. यालाच 'गो-अराउंड' म्हणतात. सहवैमानिकाने तीनदा सांगितलं, गो-अराउंड. यंत्रही बजावत होतं. कॅप्टनने ऐकलं नाही. अहवाल सांगतो, की प्रवासात कॅप्टन बराच वेळ झोपला होता आणि झोपेतून उठल्यावरचं जडत्व त्याच्या निर्णयात होतं. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: सहवैमानिकाने स्वतःच्या अधिकारात विमान वर न्यावं की नाही, याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या. बहुधा म्हणूनच त्याने हाका दिल्या, पण ताबा घेतला नाही.

दुसरा अपघात कोळिकोडचा, ७ ऑगस्ट २०२० चा. करोनाच्या दिवसांत परदेशी अडकलेल्यांना आणणारं हे विमान. कॅप्टन दीपक साठे आपले मराठी, खडकवासल्याच्या एनडीएचे विद्यार्थी, हवाई दलाच्या प्रशिक्षणात मानाची तलवार मिळवलेले. त्यांच्याकडेही १० हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता. शेजारच्या सहवैमानिकाकडे सुमारे २ हजार. मुसळधार पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालला नाही आणि विमान वर गेलं. दुसऱ्या प्रयत्नात ते विरुद्ध टोकाकडून, पाठीवर वारा घेऊन आलं आणि जवळजवळ निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकलं. सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं. विमान धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळलं. दोघा वैमानिकांसह २१ जण गेले.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. अपघातानंतरच्या आठवड्यात साठे यांच्याबद्दल आदराने खूप लिहिलं गेलं. २०२१ मध्ये अहवाल आल्यावर ठपका त्यांच्यावर आहे, एवढीच बातमी झाली. अहवाल पूर्ण वाचला तर दोन्ही अपुरं वाटतं. नियम मोडून उतरणं चालू ठेवलं आणि सहवैमानिकाने ताबा घेतला नाही, हे संभाव्य कारण त्यात स्पष्ट आहे. पण कॅप्टनना तिथेच उतरण्याची ओढ का होती, याचंही उत्तर त्यात आहे: दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांनाच करायचं होतं, आणि कोळिकोडच्या तळावर कंपनीने पुरेसे कॅप्टनच ठेवले नव्हते. पावसात धावपट्टी शोधणाऱ्या त्या माणसाच्या मनात उद्याचं वेळापत्रकही होतं. ते वेळापत्रक त्याने केलेलं नव्हतं.

मंगळूर आणि कोळिकोड या दोन्ही ठिकाणी अनुभव कमी पडला नाही. तो डाव्या खुर्चीत भरपूर होता. योग्य निर्णयही विमानात हजर होता. तो उजव्या खुर्चीत होता, तोंडाने उच्चारलेलाही होता. फक्त डावीकडे पोचला नाही.

मोठ्यांच्या मध्ये बोलणं

याला विमानशास्त्रात अधिकाराची चढण म्हणतात. चढण फार उभी असेल तर खालचा माणूस बोलत नाही, किंवा पुटपुटतो. ती अगदीच सपाट असेल तर कोणीच निर्णय घेत नाही. मधली चढण हवी. जगाने हा धडा २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर घेतला. केएलएम आणि पॅन अॅम यांची दोन जंबो जेट धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली. केएलएमचा कॅप्टन त्या कंपनीत जंबोचं प्रशिक्षण देणारा, तिचा सर्वांत नावाजलेला वैमानिक. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नसेल का, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली.

त्यानंतर काही वर्षांतच कॉकपिटमधल्या बोलण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. शंका कशी मांडायची, ती ऐकली नाही तर पुन्हा कोणत्या शब्दांत मांडायची, आणि तरीही ऐकली नाही तर 'ताबा माझा' कधी म्हणायचं. आज भारतातही प्रत्येक वैमानिकाला ते घ्यावं लागतं. पण वर्ग दोन दिवसांचा आणि घरचे संस्कार वीस वर्षांचे. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, हे आपण मुलांना चालता येण्याआधीच शिकवतो. माझ्या कारखान्यातही सुपरवायझरची चूक दिसत असून माल पुढे जाऊ दिलेला मी पाहिला आहे. एकदा मी स्वतःही तो जाऊ दिला. आमचा माल परत आला, एवढ्यावर भागलं. विमानाचं तसं भागत नाही.

म्हणून भाच्याला मी एकदा सरळच विचारलं, ''तुझा कॅप्टन चुकतोय असं दिसलं, तर तू बोलशील?''

तो लगेच उत्तरला नाही. मग म्हणाला, ''मामा, कॅप्टन कोण आहे यावर अवलंबून असतं, असं खरं तर म्हणायला नको. पण असतं.'' मग त्याने एक गोष्ट सांगितली. एका वयस्कर कॅप्टनबरोबर त्याचं पहिलंच उड्डाण. विमान सुरू करण्याआधी कॅप्टन म्हणाले, ''हे बघ, तू गो-अराउंड म्हणालास की मी वर जाणार. का म्हणालास, ते खाली उतरल्यावर विचारीन.'' त्याच आठवड्यात पावसात उतरताना वेग मर्यादेच्या जरा वर गेला आणि याच्या तोंडून शब्द निघाला. कॅप्टनने त्याच क्षणी विमान वर नेलं. दुसऱ्या खेपेला उतरल्यावर हा ओशाळून म्हणाला, ''सर, कदाचित पहिल्या वेळीही जमलं असतं.'' कॅप्टन म्हणाले, ''असतंही. पुढच्या वेळीही असंच म्हण.''

''त्या दिवसापासून,'' भाचा म्हणाला, ''मला तास मोजावेसे वाटत नाहीत. म्हणजे मोजतोच, मोजावेच लागतात. पण तो एक तास वेगळा होता.''

प्रवाशाचा वाटा

तर मग दोनशे तास पुरेत की दीड हजार हवेत? इतकं वाचून माझं मत असं झालं आहे: तासांची किमान मर्यादा हवीच, आणि ती प्रामाणिकपणे पाळलेली हवी. पण त्या आकड्याच्या पलीकडे ज्या गोष्टी अपघात टाळतात, त्या लॉगबुकात लिहायला रकाना नाही. कोणाला कोणाशेजारी बसवलं, दोघे नीट झोपले होते का, कोणत्या तळावर किती कॅप्टन आहेत, गो-अराउंड केल्यावर इंधनाचा हिशेब मागून वैमानिकाला कोणी छळतं का, हे सगळं कंपनीच्या कार्यालयात ठरतं. जमिनीवर केलेली काटकसर वर गेल्यावर कळते. १ जुलै २०२५ पासून वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली आहे. अनुभवाच्या आकड्याइतकंच मला या आकड्याचं मोल वाटतं. लहान कंपन्यांना तो जड जाईल, अशी तक्रार ऐकू येते. जाईलही. पण झोपेतून नुकत्याच उठलेल्या दहा हजार तासांचं काय होतं, ते मंगळूरला दिसलं आहे.

आणि थोडा वाटा आपलाही आहे. विमान उतरता उतरता वर गेलं की आपण चिडतो, घड्याळ पाहतो, पायलटच्या वयावर येतो. हा शेरा केबिनमध्ये राहत नाही. तो तक्रारीच्या अर्जातून, समाजमाध्यमांवरून फिरत कंपनीपर्यंत पोचतो आणि तिथून हळूहळू कॉकपिटमध्ये शिरतो. पुढच्या वेळी वर जाताना कोणाचा तरी हात क्षणभर अडतो. तो क्षणच आपल्याला परवडत नाही.

चिपीला उतरल्यावर कुडाळचे ते गृहस्थ सामानाच्या पट्ट्याशी पुन्हा भेटले. छत्री उघडत म्हणाले, ''पोचलो एकदाचे.'' त्या दिवशी मी नुसती मान हलवली. आज भेटले तर सांगेन, अहो, समोर नीट दिसत नाही हे कोणीतरी बोललं आणि दुसऱ्याने ते ऐकलं, म्हणून पोचलो. त्यांतला एक कदाचित नवशिकाही असेल.